स्त्री-रुग्णाचा होकार

आपल्याकडील स्त्रियांच्या वैद्यकीय उपचारांचा इतिहास सांगू लागले की बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : स्त्रीला तपासणारा डॉक्टर पुरुष असावा की स्त्री? प्रश्न रास्त होता, आणि त्याच्या उत्तरासाठी फार मोठी माणसे झटली. परंतु त्याच्यामागे दुसरा एक प्रश्न उभा होता, व आम्हांस तो अधिक मूलगामी वाटतो. स्त्रीच्या देहावर उपचार करण्यापूर्वी विचारावयाचे कोणाला?

पहिल्या प्रश्नाची निकड उघड होती. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यापेक्षा ते अंगावर काढणे बरे, ही समजूत अनेक स्त्रियांच्या जिवावर बेतत असे. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत गेले. १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली आणि त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ साली त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या पुण्यास निवर्तल्या. इकडे मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी उभारलेले रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, आणि एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टरांनी ते चालविले.

दुसरा प्रश्न त्याच मुंबईत, त्याच वर्षांत उपस्थित झाला. मात्र रुग्णालयात नव्हे, न्यायालयात. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात तो निर्णय टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला : महिन्याभरात नांदावयास जावे, न पेक्षा सहा महिने कारावास. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. अजाण वयातील या विवाहाला आपला होकार नव्हता, हे त्यांचे म्हणणे. तत्कालीन कायद्याच्या लेखी त्याला मोल नव्हते. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्य स्त्रियांच्या शुश्रूषेत वेचले.

स्त्री-डॉक्टर आल्या म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप सुटला, असे मात्र नव्हे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. येथे डॉक्टर स्त्री, संमती देणारी आई स्त्री, हेतूही कदाचित हिताचा. आणि तरीही जिचा देह, तिलाच कोणी विचारले नाही. न्यायालयाने म्हटले की, सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असता, आणि प्राणसंकट नसता, आईची संमती वैध ठरत नाही. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते. गर्भपातासंबंधीचा १९७१ चा कायदाही सज्ञान स्त्रीचीच संमती मागतो, पतीची नव्हे. असे असता पतीच्या सहीवाचून अडून बसणारी रुग्णालये आजही आढळतात. ती सही कायद्याने मागितलेली नसते. ती रूढीने मागितलेली असते.

आमच्या वाचकांत देवस्थानांचे विश्वस्त आहेत, आरोग्यशिबिरे भरविणाऱ्या मंडळांचे कार्यकर्ते आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच : शिबिरात स्त्री-डॉक्टर असावी, पडदा असावा, हे तर हवेच, परंतु संमतीपत्र मराठीत वा कोंकणीत असावे, ते त्या स्त्रीला वाचून दाखवावे, आणि सासू, पती, मुलगा यांस क्षणभर बाहेर बसवून तिला एकटीला विचारावे. ती "नको" म्हणाली, तर तेही उत्तरच समजावे. रखमाबाईंना १८८७ साली जे न्यायालयात मिळाले नाही, ते आपल्या अंगणातील शिबिरात देण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.