तुळजापूरची तारा आणि अफझलखानाचा फाजल

शाळेत अफझलखानाच्या वधाचा धडा आला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. जणू खान माझा चुलताच. म्हणूनच 'तारा' ही कादंबरी हाती आली तेव्हा मी चकित झालो. तिचा नायक आहे फाजल, अफझलखानाचा मुलगा.

लिहिणारा इंग्रज. फिलिप मेडोज टेलर, जन्म 1808. पंधराव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. तिथे काही जमेना, म्हणून 1824 मध्ये निजामाच्या फौजेत भरती होऊन थेट आपल्या औरंगाबादेत. बायको केली हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. या पामरांची आई मुस्लिम बेगम. म्हणजे साहेबाच्या सासुरवाडीतच आपलं रक्त!

1853 मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांना दिला आणि टेलर तिथला अधिकारी झाला. तुळजापूर त्याच मुलखात. 1863 मध्ये आलेल्या 'तारा'ची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी, भवानीच्या देवळात मुरळी झालेली. फाजल तिला सती जाण्यापासून वाचवतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. आज कुणी असं कथानक लिहिलं तर काय गहजब होईल, कल्पना करा.

पण टेलरला डोक्यावर घ्यायचीही घाई नको. 1839 मध्ये त्याला नाव मिळवून देणाऱ्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'चा निवेदक अमीर अली आहे. ठगांत हिंदूही होते, तरी विलायतेतल्या वाचकांच्या मनात बसलं ते हेच नाव. पुढच्या कादंबऱ्यांची आखणीही बघा: 'तारा' 1657, 'राल्फ डार्नेल' 1757, 'सीता' 1857. शिवाजी महाराज, प्लासी, बंड. शंभर-शंभर वर्षांच्या या पायऱ्या इंग्रजी राज्याच्या दारात जाऊन थांबतात. साहेब शेवटी साहेबच.

मराठीशी त्याचं नातं मात्र आपण विसरलो. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 ची. पण हरी नारायण आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीत पहिलं पाऊल टाकलं ते 1890 मध्ये, 'म्हैसूरचा वाघ' लिहून, आणि ती बेतलेली होती टेलरच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीवर. म्हणजे 'उषःकाल'च्या लेखकाने हात साफ केला तो टिपूवर. हे मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

टेलर 1876 मध्ये फ्रान्समध्ये वारला. चांदबीबीवरची त्याची कादंबरी त्यानंतर पुस्तकरूपाने आली. ती मी अजून वाचायची आहे.