रक्तगट जुळला, तरी रक्त का जुळत नाही?

भिवापूरचा पेशंट नागपूरला भरती झाला, की घरचे लोक आधी रक्तगट विचारतात आणि त्याच गटाचा भाऊ किंवा मामू शोधतात. तरी कधी कधी ब्लड बँकेतून निरोप येतो, ‘क्रॉसमॅच जुळत नाही, थांबावं लागेल.’ अशा वेळी घाबरून भांडू नये. बहुतेकदा पेशंटच्या रक्तात अनपेक्षित अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, सापडलेली असतात.

अनपेक्षित का म्हणतात?
ज्याच्या लाल पेशींवर ‘ए’ नाही, त्याच्या रक्तात ‘ए’विरुद्धची अँटिबॉडी आपोआप असते. ती अपेक्षित. पण लाल पेशींवर सी, ई, केल, डफी, किड अशा आणखीही पुष्कळ खुणा असतात. आपल्यात नसलेली खूण दुसऱ्याच्या रक्तातून, किंवा गरोदरपणात बाळाकडून आईत आली, तर शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. सगळ्यांमध्ये असं होत नाही.

धोका कुणाला?
ज्यांना वारंवार रक्त लागतं त्यांना जास्त, म्हणजे सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना. विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, म्हणून हा आपल्या घरचा प्रश्न आहे. किडविरुद्धची अँटिबॉडी तर फसवी. काही महिन्यांत ती इतकी कमी होते की तपासणीत दिसत नाही. पुन्हा तसंच रक्त चढलं की झपाट्यानं वाढते आणि नव्या पेशी फोडते.

‘ओ’ सगळ्यांना चालतो?
नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगासमोर आणला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही. त्याला बॉम्बे गटाचंच लागतं.

घरच्यांनी काय करावं?
- आधी रक्त कधी, कुठल्या दवाखान्यात चढलं ते सांगा. बाईमाणसाचं बाळंतपण, गर्भपातही लपवू नका.
- अँटिबॉडी सापडली तर तिचं नाव लिहून घ्या. तो कागद आधार कार्डासारखा जपा.
- सिकलसेल, थॅलेसेमियाच्या मुलाला पहिल्यांदा रक्त चढण्याआधीच आरएच आणि केलच्या खुणा तपासता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. नंतर दुसऱ्याच्या पेशी मिसळल्यानं तपासणी अवघड होते.
- रक्त चढल्यावर दोन आठवड्यांत ताप, कावीळ, गडद लघवी किंवा पुन्हा अशक्तपणा आला तर लगेच दवाखाना गाठा.

सगा भाऊ आहे म्हणून रक्त जुळेलच असं नाही. जुनी माहिती सांगितली, तर योग्य पिशवी लवकर सापडते.