'हॅकर' शब्द आला रेल्वेच्या मॉडेल क्लबातून

मोबाईलवरून कुणाचे पैसे गेले की बातमीत 'हॅकर' हा शब्द येतोच. पण हा शब्द आधी चोरांचा नव्हता. तो रुजला अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या एका क्लबात.

एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' सुरू झाला. जागा होती 'बिल्डिंग २०', म्हणजे महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी घाईत बांधलेली लाकडी इमारत.

क्लबात दोन गट होते. एक गट छोटी इंजिनं, डबे, डोंगर, घरं बनवायचा. दुसरा टेबलाखाली घुसून वायरिंग करायचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा असायचे तसले रिले जोडून त्यांनी एकाच वेळी अनेक गाड्या चालवल्या. डोकं लढवून केलेल्या अशा करामतीला ते 'हॅक' म्हणत. सभासद पीटर सॅमसन यांनी १९५९ मध्ये क्लबातल्या शब्दांचा कोशही केला.

पुढे यातली बरीच पोरं कॉम्प्युटरकडे वळली. सभासद स्टीव्ह रसेल आणि साथीदारांनी १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा गेम तयार केला. बिल्डिंग २० १९९८ मध्ये पाडली, पण क्लब दुसऱ्या जागेत सुरू राहिला.

कॉम्प्युटरमध्ये घुसून चोरी करणाऱ्यासाठी जुन्या हॅकरांनी वेगळा शब्द काढला : 'क्रॅकर'. तो मात्र फारसा चालला नाही.