पायथ्याचं पाणी

धरण म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांच्या डोळ्यासमोर राधानगरी येतं. शाहू महाराजांचं, दगडी, स्वयंचलित दरवाज्यांचं. पावसाळ्यात 'किती दरवाजे उघडले?' हे आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात. त्यावर भरपूर लिहून झालंय. आज जरा दुर्लक्षित मंडळींबद्दल लिहितो, म्हणजे छोट्या मातीच्या धरणांबद्दल. गवत उगवलेला एक लांबलचक बांध आणि मागे पाणी. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नसतं.

भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव असाच होता. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तो फुटला. पाणी नवले गावाच्या अंगावर गेलं, एका बाईचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, शेतातली माती खरवडून निघाली. तलाव फार जुना नव्हता. पण त्याला गळती होती, आणि ती गावाला माहीत होती.

त्याआधी दोनच वर्षं, २ जुलै २०१९ ला, चिपळूणजवळचं तिवरे धरण असंच रात्री फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. तिथंही गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांना दिला, आणि महाराष्ट्रभर विनोदांचा पाऊस पडला. आता गंमत अशी, की खेकडे, उंदीर, घुशी बांधात बिळं करतात आणि त्यामुळे धरण कमजोर होतं, हे स्थापत्यवाल्यांच्या पुस्तकात खरोखरच लिहिलेलं असतं. पण म्हणून तर दर पावसाळ्याआधी आणि नंतर बांध पायी फिरून तपासायचा असतो! बीळ बुजवणं हे काही खेकड्याचं काम नाही.

इंजिनिअरिंगला माझी ब्रांच वेगळी, पण हा विषय वाचताना एक गोष्ट फार आवडली. मातीचं धरण गळतंच. गळणं हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. मधे चिकण मातीचा गाभा असतो, बाहेर मुरुमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग. गाभा पाणी थांबवत नाही, नुसता त्याचा वेग मारतो. जे झिरपतं ते खालच्या बाजूला, पायथ्याशी, वाळू-खडीच्या थरातून गाळून बाहेर काढायचं, अशी रचना असते. त्यामुळे पायथ्याशी थोडं नितळ पाणी दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. ते वाढलं, किंवा गढूळ झालं, की मात्र संपलं. गढूळ म्हणजे पाण्याबरोबर धरणाची मातीही निघाली आहे. माती आधी बाहेरच्या टोकाला सुटते आणि भोक मागे मागे, तलावाकडे सरकत जातं. याला पायपिंग म्हणतात. वरून बांध जसाच्या तसा दिसतो, आत नळ तयार होत असतो. (आमच्याकडच्या मेमरी लीकसारखं. सर्व्हर मस्त चाललेला असतो, आणि एका रात्री...)

दुसरं मरण म्हणजे पाणी बांधावरून जाणं. दगडी धरण ते काही काळ सोसतं, मातीचं काही तासांत वाहून जातं. म्हणून त्याचा सांडवा मोकळा असणं हा जीवनमरणाचा प्रश्न.

पानशेत आठवा. तेही मातीचंच. काम पूर्ण व्हायच्या आधी पाणी साठलं, बांधाखालून जाणाऱ्या मोरीचं दरवाज्यांचं काम अर्धवट होतं, वरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटलं आणि खालचं दगडी खडकवासलाही घेऊन गेलं. नवं कोरं मातीचं धरण आणि ऐंशीएक वर्षं उभं असलेलं दगडी धरण, दोन्ही एका दिवसात.

आता घराजवळ येतो. कळंबा तलाव. एकोणिसाव्या शतकात, संस्थानाच्या काळात, शहराला पाणी मिळावं म्हणून बांधला. मातीचा बांध, एका बाजूला सांडवा. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी त्यात साठतं आणि खालचा जयंती नाला शहरातून वाहत पंचगंगेला मिळतो. बांधला तेव्हा खाली शिवार होतं. आज नाल्याच्या दोन्ही अंगांना कॉलन्या, अपार्टमेंट. बांधाची उंची वाढली नाही, पाणी वाढलं नाही, तरी धरण आपोआप जास्त जोखमीचं झालं. कळंबा धोक्यात आहे असं मी अजिबात म्हणत नाही, कुणी पॅनिक होऊ नका. माझा मुद्दा वेगळाच आहे. पूर्वी शहर या तलावाचं पाणी प्यायचं, तेव्हा त्याच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असणारच. आता शहराला भोगावती-पंचगंगेचं पाणी आहे, आणि २०२३ पासून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन. कळंब्याला आपण जातो ते फिरायला, आणि सांडवा वाहू लागला की बघायला. पण सांडव्यावरचं पाणी बघायला गर्दी होते, पायथ्याचं पाणी बघायला कोण जातं?

कायदा? आहे की! धरण सुरक्षा विधेयक तिवरेनंतर महिन्याभरात, २ ऑगस्ट २०१९ ला, लोकसभेत मंजूर झालं. मग दोन वर्षं अडकलं. तेवढ्यात मेघोली फुटलं. कायदा लागू झाला ३० डिसेंबर २०२१ ला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधलं धरण असेल तर आणखी एखादी अट लागते, म्हणजे बांध किमान ५०० मीटर लांब, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, वगैरे. १० मीटरच्या आतलं धरण त्यात येतच नाही. कुठलं धरण कायद्यात बसतं हे ठरवणारी व्याख्या मी दोनदा वाचली. उंची आहे, लांबी आहे, साठा आहे, पुराचा विसर्ग आहे, पाया अवघड आहे का तेही आहे. खाली किती घरं आहेत, हे मात्र त्यात नाही.