मागचं इंजिन आणि मोठेबाबांची रिक्षा

हिंगणघाटच्या घरामागे कडुनिंबाखाली उभी असलेली मोठेबाबांची रिक्षा गेल्या रविवारी अठरा वर्षांनी सुरू झाली. मी फोटो टाकला तर निम्म्या मित्रांनी विचारलं, "भंगारात किती येईल?" म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर सरळ शेवटचा परिच्छेद वाचा, तिथे तुमच्याकडे काम आहे.

रिक्षा बजाजची, १९८६ची. इंजिन पॅसेंजरच्या सीटमागे. आज त्यात कुणाला नवल वाटत नाही, पण त्याआधीच्या रिक्षाचं इंजिन पुढे, ड्रायव्हरपाशी असायचं. मागच्या इंजिनाची रिक्षा बजाजने १९७७ साली आणली. मोठेबाबांनी दोन्ही चालवल्या. जुनीबद्दल त्यांचं एकच वाक्य असे, "मे महिन्यात चुलीवर बसून रिक्षा चालवत होतो." वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

इंजिन पुढे की मागे, हा वाद मोटारींच्या रेसमध्ये वीस-पंचवीस वर्षं चालला. १९३४ साली जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीने फर्डिनंड पोर्शच्या आराखड्यावरून एक रेसिंग कार उतरवली. १६ सिलिंडरचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. गाडी जिंकली भरपूर, पण मागचं वजन वळणावर झोकांडी देई, ती सांभाळणारे ड्रायव्हर मोजकेच होते. त्यातला सगळ्यात नावाजलेला बर्न्ड रोजमायर १९३८ च्या जानेवारीत वेगाचा विक्रम करताना गेला. मग महायुद्ध आलं. उरलेल्या गाड्या सोव्हिएत सैन्याने नुकसानभरपाईत उचलून नेल्या आणि तिकडे त्या सुट्या होऊन गडप झाल्या. अनेक वर्षांनी पॉल करासिक नावाच्या अमेरिकेतल्या संग्राहकाने तिकडे फिरून दोन गाड्यांचे सांगाडे आणि तुकडे मिळवले आणि इंग्लंडमधल्या कारागिरांनी त्यातून गाड्या पुन्हा उभ्या केल्या. आज त्या जर्मनीच्या अभिमानाच्या वस्तू आहेत.

मला मात्र जास्त आवडते ती कूपर बापलेकांची गोष्ट. चार्ल्स आणि जॉन कूपर, लंडनजवळ सर्बिटनला त्यांचं गॅरेज. १९४६ साली त्यांनी दोन जुन्या फियाटचे पुढचे भाग जोडून एक छोटी रेसिंग कार केली आणि तिला मोटरसायकलचं ५०० सीसीचं इंजिन बसवलं. ते मागे का? तर चेन मागच्या चाकांना द्यायला सोपी. बस, एवढंच कारण! तिकडे एन्झो फेरारीचं म्हणणं होतं म्हणे, की बैल गाडी ओढतो, ढकलत नाही. शंकरपट पाहत मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे लगेच पटेल. पण जानेवारी १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने कूपरच्या चिमुकल्या गाडीतून मोठमोठ्या फेरारींना हरवलं. १९५९ आणि १९६०, दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता झाला. १९६१ ला फेरारीनेही बैल मागे जुंपला आणि तेच वर्ष जिंकलं.

आपल्याकडेही एक कूपर होऊन गेले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. १९४९ साली त्यांनी 'मीरा' या छोट्या मोटारीचं पहिलं मॉडेल केलं, पुढे वीस-पंचवीस वर्षं ते ती सुधारत राहिले. इंजिन मागेच, किंमत साधारण १२,००० रुपये धरलेली. कारखाना काही उभा राहिला नाही. २००८ ला टाटांची नॅनो आली, इंजिन पुन्हा मागे, तेव्हा मीराची आठवण फार थोड्यांनी काढली.

आणि बजाज म्हणजे तर आपल्या वर्ध्याचं नाव. बच्छराजजींच्या घरात दत्तक आलेले जमनालालजी, १९२८ साली दलितांना खुलं झालेलं लक्ष्मीनारायण मंदिर, हे आपण शाळेत ऐकलं. त्याच घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ ला निघाली आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला. पण रिक्षावरचं नाव वाचून मोठेबाबा पॅसेंजरला हमखास सांगायचे, "हे आमच्या गावचे." हिंगणघाटचा माणूस वर्ध्याला आपलं गाव म्हणतो, असा हा एकमेव प्रसंग असावा!

आता दुरुस्तीचं. मिस्त्री जुना, साठी उलटलेला. इंजिन उतरवलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेला. चार दिवस डिझेल ओतून ठेवलं, मग लाकडाने ठोकून मोकळा केला. बोर करून घेतला, रिंगा नव्या, कार्बोरेटर दुसऱ्या एका मेलेल्या रिक्षाचा. तळाचा पत्रा गंजून जाळी झालेला, तो टिनवाल्याने नवा जोडला. मी विचारलं, इंजिन मागे असल्याचा फायदा काय? म्हणाला, "भाऊ, वजन चाकाईवर बसते. चढावर चाक नाई फिरत फुकट. अन् आवाज पॅसेंजरच्या कानात, डायवरच्या नाई." खर्च ३४,००० झाला. घरी २०,००० सांगितला आहे, कृपया इथे कुणी टॅग करू नये.

पण खरी अडचण कागदाची आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. चांगला नियम आहे. फक्त तो दुचाकी आणि चारचाकीला आहे. तीनचाकी त्यात बसतच नाही. एका कार्यालयात मी विचारायला गेलो तर समोरचे साहेब हसले, "रिक्षा कशाला व्हिंटेज करता?" राजाची मोटार वारसा ठरते. ज्या गाडीतून या जिल्ह्याची बाळंतपणं सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचली, ती भंगार. २०२७ ला मागच्या इंजिनाच्या रिक्षाला ५० वर्षं होतील. व्याख्येत 'तीनचाकी' एवढा एक शब्द घालायला काय लागतं, हे आपल्या खासदार-आमदारांना विचारायला हवं. मी लेखी विचारणार आहे.

रविवारी मोठेबाबांना खुर्चीवर आणून बसवलं. वय ८१. खालचा दांडा ओढायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दोनदा नुसती घरघर, तिसऱ्यांदा पेटली आणि अंगणभर निळा धूर झाला. ते काही बोलले नाहीत. उजव्या हाताने रेस देत राहिले, बराच वेळ.

तर काम असं: वर्धा, आर्वी, पुलगाव, देवळी, कुठेही कुणाच्या गोठ्यात १९७७ च्या आधीची, पुढच्या इंजिनाची रिक्षा पडली असेल, नुसता सांगाडा किंवा जुना फोटोही चालेल, तर मला कळवा. भंगारवाल्याला फोन करण्याआधी.