शंखासुराचा काळा रंग: व्हिडिओ कॉम्प्रेशनचा इतिहास, मालवणच्या किनाऱ्यावरून

आजचा धागा किल्ल्यांचा वा लढायांचा नाही. तरी सुरुवात मालवणच्याच परिसरातून होते आहे.

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. मालवणीत त्याला धयकालो म्हणतात. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि काळ्या वेषातला शंखासुर, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. अलीकडे प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांतून मोबाईल उंचावलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते चित्रण संगणकावर जोडते, एक्स्पोर्ट करते, आणि पाहते तो काय! शंखासुराच्या अंगावर राखाडी चौकोन हलत आहेत. मृदुंगावर हात पडतो एका क्षणी आणि थाप ऐकू येते दुसऱ्या क्षणी. पडद्यावरून उजेडाचे पट्टे सरकत आहेत.

दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात यातला प्रत्येक दोष ही कुठल्यातरी जुन्या निर्णयाची खूण आहे. तो निर्णय कधी आणि का घेतला गेला हे कळले, की उपायही बहुतेक वेळा आपोआप सुचतो.

प्रथम हिशेब पाहू. फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. दर ठिपक्याला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६२ लाख बाइटांची होते. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्यास मिनिटाला ११ जीबीहून अधिक, आणि पाच तासांच्या नाटकाला सुमारे ३,३६० जीबी. अॅपल आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये याच दर्जाच्या एका मिनिटाला १३० एमबी हा आकडा देते. नव्या कोडेकमध्ये तर ६० एमबी. म्हणजे ८६ भागांतले ८५ भाग फोनने चित्रण चालू असतानाच टाकून तरी दिले, किंवा पुन्हा रचता येतील अशा संक्षिप्त खुणांत बदलले. आपण ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतो तीच मुळात एक संक्षिप्त प्रत आहे.

हे साधले कसे? या कथेतला मुख्य माणूस बंगळुरूचा आहे. नासिर अहमद यांचा जन्म तिथे १९४० साली झाला. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती रूपांतरावर संशोधन करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ च्या जानेवारीत ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. (योगायोग असा, की मुंबई दूरदर्शनही १९७२ चेच.) जेपेग छायाचित्रापासून यूट्यूबपर्यंत बहुतेक सर्व कॉम्प्रेशन या रूपांतरावर किंवा त्याच्या वंशजांवर उभे आहे. निधी नाकारलेल्या इतर किती प्रस्तावांबद्दल असे म्हणता येईल?

त्याची रीत थोडक्यात अशी. चित्राचे लहान चौकोन पाडायचे. आरंभीच्या पद्धतींत ते ८ × ८ ठिपक्यांचे असत. प्रत्येक चौकोन म्हणजे काही संथ आणि काही बारीक लहरींची बेरीज आहे असे मांडायचे. डोळ्याला बारीक लहरींतला फरक कमी जाणवतो, म्हणून त्या ढोबळ करायच्या वा सोडून द्यायच्या. जागा मुबलक असेल तर काही कळत नाही. जागा तुटपुंजी पडली, की चौकोनात केवळ सरासरी छटा उरते आणि शेजारच्या दोन चौकोनांमधली सीमा उघडी पडते.

शंखासुराचे दुखणे इथेच आहे. काळे वस्त्र, मागे रात्र, आणि अंधारात सेन्सरने स्वतः निर्माण केलेले दाणे. अंधारात कुणाला दिसणार आहे, असे गृहीत धरून एन्कोडर तिथे कमीत कमी बिट खर्च करतो. मग संपादक हौसेने सावल्या उजळवतो आणि लपलेले चौकोन वर येतात. तेव्हा रात्रीच्या चित्रणातला काळा रंग काळाच राहू द्यावा आणि एक्स्पोर्टचा बिटरेट दिवसाच्या चित्रणापेक्षा चढा ठेवावा. यूट्यूब १०८० च्या साध्या चित्रणासाठी ८ मेगाबिट सुचवते. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा नव्हे, आणि यूट्यूब आपली फाइल पुन्हा एकदा दाबणारच आहे. त्याच्या हाती जितके चांगले द्याल तितके बरे.

समुद्राखाली हेच संकट दुसऱ्या रूपात येते. मालवणच्या पाण्याला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे, आणि तारकर्ली-मालवणात स्कूबासाठी उतरणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक चित्रण घेऊन वर येतो. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो. उरतो तो निळ्या-हिरव्याचा मंद उतार. ८ बिटांच्या चित्रणात एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. त्यातल्या मोजक्याच या उताराच्या वाट्याला येतात आणि पाण्यात कंगोरे दिसू लागतात. त्यात बुडबुडे आणि तरंगणारे कण. कॅमेऱ्यात १० बिटांची सोय असेल तर ती इथे वापरावी. एक्स्पोर्ट करताना घडलेली पायरी मागाहून भरता येत नाही.

पण बुडबुडे एवढे महाग का पडतात? त्यासाठी दुसऱ्या शोधाकडे वळावे लागते. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बहुतेक भाग सारखाच असतो. मग दर वेळी सगळे चित्र कशाला लिहायचे? एक पूर्ण फ्रेम लिहावी आणि पुढच्यांसाठी ‘हा तुकडा इतका उजवीकडे सरकला’ एवढेच नोंदवावे. ६४ किलोबिटच्या पटीतल्या टेलिफोन वाहिन्यांवरून दृश्य-संभाषण व्हावे, म्हणून बेतलेल्या एच.२६१ या १९८८ च्या मानकात ही युक्ती आणि अहमद यांचे रूपांतर एकत्र आले. त्याच वर्षी लिओनार्डो क्यारिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा गट स्थापन झाला. देवळाची भिंत स्थिर असते, तिला फुकटात जागा मिळते. बुडबुडा मात्र दर फ्रेममध्ये नवा असतो.

ही युक्ती समजून घ्यायला कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी फार उपयोगी पडते. ठाकर समाजाने जपलेल्या या कलेत सुट्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एक चित्र समोर धरतो, गातो-सांगतो, आणि मग दुसरे चित्र उचलतो. (या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.) दोन चित्रांच्या मधली हालचाल निवेदनातून येते. कोडेकमध्ये पूर्ण फ्रेम म्हणजे पोथीतले चित्र, आणि मधल्या फ्रेम म्हणजे निवेदन. पोथीतले एक पान हरवले तर त्यावरचे निवेदन लोंबकळते. फाइल कॉपी होताना एक पूर्ण फ्रेम बिघडली, की पुढचे काही क्षण चेहरे वितळल्यासारखे दिसतात ते याचमुळे.

संपादनात टाइमलाइन अडखळते, तिचेही कारण हेच. तुम्ही मधल्या एखाद्या फ्रेमवर बोट ठेवता, तेव्हा यंत्राला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळे पुन्हा रचावे लागते. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एचईव्हीसी ही मानके साठवण आणि प्रसारण डोळ्यांसमोर ठेवून घडली. कात्री चालवणे हा त्यांचा हेतू नव्हता. म्हणून संपादनासाठी निराळे कोडेक निघाले: अॅव्हिडचे डीएनएक्सएचडी २००४ मध्ये, अॅपलचे प्रोरेस २००७ मध्ये. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल अवाढव्य होते, काम सुरळीत चालते.

आता सरकते पट्टे. याचा उगम वीजघरात आहे. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. युरोपप्रमाणे आपणही पाल पद्धत आणि २५ फ्रेम स्वीकारल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले ते याच मापाने. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची आणि फ्रेम ३०. आपल्या खिशातला फोन मुळात त्या मापाचा आहे. १०० ला २५ ने निःशेष भाग जातो, ३० ने जात नाही. त्यामुळे दर फ्रेमला उजेड वेगळा पडतो आणि पट्टा सरकतो. जत्रेत चित्रण करण्यापूर्वी फोन २५ वर ठेवावा (आयफोनमध्ये ‘पाल’ स्वरूपे दाखवण्याची निवड आधी चालू करावी लागते), शटर १/५० वर. पट्टे एक्स्पोर्टमध्ये जातील या आशेवर राहू नये.

मृदुंगाची थाप निसटते तिचे कारण मात्र अगदी अलीकडचे आहे. अंधार वाढला की अनेक फोन आपणहून फ्रेम कमी करतात, उजेडात पुन्हा वाढवतात. ध्वनी एकसारखा चालतो, चित्राची चाल बदलत राहते. काही संपादन-सॉफ्टवेअर ठरावीक चाल गृहीत धरतात, आणि तासाभरात दोन्ही एकमेकांपासून दूर जातात. ध्वनी हाताने सरकवून हे सुटत नाही. सुरुवात जुळवली तर शेवट चुकतो. संपादनाआधीच हँडब्रेकसारख्या साधनातून फ्रेमदर स्थिर करून घ्यावा.

एमपी४ किंवा एमओव्ही ही नुसती पेटी असते. आतला माल म्हणजे कोडेक. २०१७ नंतरचे आयफोन मूळ मांडणीत एचईव्हीसी नोंदवतात, आणि अनेक विंडोज संगणकांत ते उलगडण्याची सोय वेगळी घ्यावी लागते. म्हणून आवाज येतो, चित्र काळे. अशा वेळी फाइलचे शेपूट बदलून काही होत नाही. मीडियाइन्फो या साधनात आत काय आहे ते पाहावे. कोडेक योग्य आणि पेटी अयोग्य असेल, तर एफएफएमपेगने पेटी बदलता येते. तिथे पुन्हा दाबणे होत नाही, गुणवत्तेचा एक कणही जात नाही.

पुन्हा दाबण्याचे खरे नुकसान जुन्या चित्रणांना सोसावे लागले आहे. १९९३ च्या व्हीसीडीत चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचे, बिटरेट सुमारे १.१५ मेगाबिट, आणि एका चकतीत ७४ मिनिटे. रात्रभराचे नाटक अशा चकत्यांवर घातले, मग तिथून यूट्यूबवर, तिथून व्हॉट्सअॅपवर, की प्रत्येक पायरीवर आधीचे चौकोनच खरे चित्र समजून जपले जातात आणि उरलेसुरले मुद्राभिनय पुसले जातात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फाइल आहे तशी जाते.

ज्यांच्या घरी १९९५ नंतरच्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत, त्यांच्या हाती व्हीसीडीपेक्षा कितीतरी मोलाची वस्तू आहे. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, सेकंदाला २५ मेगाबिट. तासाला सुमारे १३ जीबी. फायरवायर तारेने ती माहिती जशीच्या तशी संगणकात उतरते. त्यानंतरही दोन ठेचा लागतात. पहिली आकाराची: ७२० × ५७६ मधले ठिपके चौरस नसतात, त्यामुळे चौरस समजून एक्स्पोर्ट केले की राजापार्टी नट उंच आणि किडकिडीत दिसतो; ४:३ चित्र ७६८ × ५७६ करावे. दुसरी ओळींची: जुन्या टीव्हीसाठी आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, अशा सेकंदाला ५० अर्ध्या प्रतिमा असत. डीव्हीत खालची ओळ आधी, एचडीत वरची. क्रम उलटा घेतला तर तलवारीचा प्रत्येक वार पुढे-मागे झटके खातो. क्रम नीट सांगून त्या ५० अर्ध्यांच्या ५० पूर्ण फ्रेम कराव्यात. २५ केल्या तर अर्धी हालचाल जाते. आणि हे सगळे वेगळ्या प्रतीवर. उतरवलेली मूळ डीव्ही फाइल तशीच राहू द्यावी.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते, आणि बुरशीची फीत कॅमेऱ्यात घातली तर तिची घाण हेडवर बसून पुढच्या फितीही नासतात. म्हणून आधी झाकण उचलून फितीच्या कडा उजेडात पाहा. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या. स्वच्छ असलेल्या आधी उतरवून घ्या. फायरवायरचे भोक असलेला संगणक ओळखीत कोणाकडे आहे, याची चौकशी मात्र या जत्रांच्या हंगामातच करा.