अंगणात कुत्री व्याली तर: बाळंतीण कुत्री, पिल्ले आणि घरातली मुले

थंडीच्या दिवसांत ओट्याखाली, खळ्यात किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ कुत्री व्याली की घरातली मुले दिवसभर तिथेच घुटमळतात. माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक मुलाला ओरखडा निघाल्यावर किंवा कुत्री चावल्यावर. मी माणसांचा डॉक्टर आहे, त्यामुळे कुत्रीची औषधे पशुवैद्यकाकडूनच घ्या. पण घरी काय करावे आणि दवाखाना कधी गाठावा, एवढे प्रत्येकाला माहीत हवे.

पिल्लांना आधी ऊब, मग दूध

नवजात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच असते, मोठ्या कुत्र्याचे ३८ ते ३९. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या थंडीत रात्री उघड्यावरची पिल्ले उपाशी राहून मरण्याआधी गारठून मरतात. खोक्यात किंवा पाटीत गोणपाट आणि जुने सुती कापड घालून ती वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर कापडात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे पिल्लाला उकडले तर दूर सरकता येईल. उन्हाळ्यात उलटे करा: पत्र्याखाली ठेवू नका, सावली द्या.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नका. थंड शरीरात दूध पचत नाही. आधी हळूहळू ऊब द्या, मग आईजवळ लावा. पहिल्या दिवसाचे चिकाचे दूध प्रत्येक पिल्लाला मिळायलाच हवे, रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच येते. अशक्त पिल्लाला धष्टपुष्ट भावंडे बाजूला ढकलतात. त्याला मागच्या सडांना लावून द्या, तिथे दूध जास्त असते.

आई नसेल तर गाईच्या दुधावर भागवण्याचा मोह होतो. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश कितीतरी जास्त असतात. नुसत्या गाईच्या दुधाने पिल्ले हगवतात आणि वाढतही नाहीत. पशुवैद्यकाकडे पिल्लांच्या दुधाची पावडर विचारा. पाजताना पिल्लू पोटावर असू द्या. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते. अशी पोरकी पिल्ले पहिले दोन-तीन आठवडे स्वतःहून शी-शू करत नाहीत. दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालचा भाग हलके पुसावा लागतो. एरवी हे काम आई चाटून करते.

शिरा घाला, पण मनुका नको

व्यालेल्या कुत्रीला शिरा करून घालायची आपली पद्धत चांगली आहे, फक्त त्यात मनुका-बेदाणे घालू नका. ते कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कांदा-लसूण घातलेली भाजीही नको. भाकरी-वरण, भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेले चिकन चालेल. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते. पाणी सतत हवे.

काळपट-हिरवट, मग तांबूस स्राव काही दिवस जाणे नैसर्गिक आहे. स्रावाला घाण वास, ताप, सड लाल-कडक होणे, पिल्लांना जवळ न घेणे ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. कुत्री थरथरते, धापा टाकते, पाय ताठ करून चालते, तर रक्तातले कॅल्शियम घसरले असू शकते. मग काही तासांतच पशुवैद्यक गाठा. घरातली पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी कुत्रीला कधीही देऊ नका. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरते पथक मिळते का, विचारून पहा.

मुलांना चावले, ओरबाडले तर

एरवी गरीब असलेली कुत्रीही पिल्लांजवळ गेल्यावर चावते. निदान पहिले तीन आठवडे मुलांना लांब ठेवा. खाणे एकाच ओळखीच्या माणसाने द्यावे. पिल्ले उचलून दुसरीकडे नेऊ नका.

चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. लोक तिथेच कंटाळतात, पण निम्मी लढाई तीच असते. आपल्याकडे मिरची मुबलक, म्हणून जखमेवर तिखट भरून आलेले रुग्ण दिसतात. हळद, चुना, तिखट यांनी रेबीजचा विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. मग त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्या. कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. पोटात १४ इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते मोठ्या रुग्णालयात मिळेल म्हणून लसीचा पहिला डोस लांबवू नका. गरोदर बाईलाही लस देता येते.

‘एवढुसं पिल्लू आहे, त्याला कसला रेबीज’ हे मला सर्वांत जास्त ऐकू येते. पिल्लालाही रेबीज होतो. दात किंवा नख लागून साधा ओरखडा उठला, रक्त आले नाही, तरी लस घ्यावी. धडधाकट कातडीवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरे.

जंत

गोल जंत पिल्लात आईच्या पोटातूनच आणि दुधातून येतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, मातीत दोनेक आठवड्यांनी बाधक होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. क्वचित डोळ्यालाही इजा होते. म्हणून विष्ठा रोज उचलून पुरा, मुलांचे हात साबणाने धुवून घ्या. पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याने, आठ आठवड्यांपर्यंत जंताचे औषध लागते. आईलाही सोबत द्यावे. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांनी पहिली लस आणि तीन महिन्यांनी रेबीजची लस द्या. पिल्ले दूध सोडल्यावर आईच्या नसबंदीबद्दल त्याच दवाखान्यात विचारून ठेवा.